नाजूक त्वचा: वॅक्सिंगनंतर पाय जास्त दिवस गुळगुळीत कसे ठेवायचे?

अबोली_२२

पायांचं वॅक्सिंग पार्लरमध्ये, साधं हनी वॅक्स. पाचव्या-सहाव्या दिवशीच नडगीवर हात फिरवला की खुंट लागतात. पंधरा दिवसांनी पोटरीवर बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि त्या गेल्या की मागे काळे ठिपके उरतात. त्वचा नाजूक आहे. वासाचा साबण चालत नाही, जखमेवरच्या चिकटपट्टीनेही खाज सुटते. मधल्या दिवसांत रोज आंघोळीला लूफा, दिवसाआड कॉफी-साखरेचा स्क्रब आणि खुंट फारच टोचले तर वरवर रेझर, असं चालू आहे. घरी बोअरचं पाणी.

साधारण २ महिन्यांनी घरात लग्न आहे. वॅक्सिंग तीन-चार आठवडे टिकतं म्हणतात ते खरं आहे का? नेमकं काय चुकतंय? लेसर सध्या नको.

मेणबत्ती

पाचव्या दिवशी हाताला लागतो तो नवा केस नाही, तुटलेला केस आहे. पायाचा केस दिवसाला साधारण पाव मिलिमीटर वाढतो. मुळासकट निघालेला केस पुन्हा वर यायला त्याला तीनेक मिलिमीटर खोलीतून यावं लागतं, म्हणजे नुसत्या प्रवासालाच बारा दिवस, आणि त्याआधी मुळाला पुन्हा कामाला लागायला वेळ हवा तो वेगळा. त्वचेच्या जरा खाली तुटलेला केस मात्र चार-पाच दिवसांत डोकं काढतो.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी ओढलेली पट्टी उजेडात धरून बघा. केसाच्या एका टोकाला बारीक गाठ दिसली तर तो मुळासकट निघाला. दोन्ही टोकं सपाट असतील तर तुटला. पट्टीवरचे निम्मे केस तुटलेले दिसत असतील तर नंतर कितीही महाग क्रीम लावा, उपयोग नाही.

तुटण्याचं तुमच्या बाबतीतलं पहिलं कारण तुम्हीच लिहिलं आहे: मधला रेझर. वॅक्सला पकडायला केस ५-६ मिमी लागतो, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. मध्येच रेझर फिरवला की वॅक्सच्या दिवशी काही केस ६ मिमीचे, काही २ मिमीचे असतात. छोटे एकतर सुटतात किंवा अर्धवट तुटतात, आणि ते दिसले की पुन्हा रेझर. हे चक्र तोडायला एकदाच तीन आठवडे धीर धरावा लागतो. फारच लांब झाले, सेंटिमीटरच्या पुढे गेले, तर कात्रीने कापून आखूड करा. लांब केस जास्त दुखतात आणि एकमेकांत अडकून तुटतात.

बाकी कारणं हाताची. वॅक्स केसाच्या दिशेने पातळ लावायचं आणि पट्टी उलट्या दिशेने, त्वचेला जवळजवळ समांतर ओढायची. पट्टी वर, छताकडे ओढली की केस तुटतो आणि त्वचाही उचलली जाते, मग निळसर डाग पडतात. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरलीच पाहिजे. गुडघ्यावर आणि घोट्याच्या मागे सर्वांत जास्त केस तुटतात ते याचमुळे, तिथली त्वचा सैल. गुडघा दुमडून घ्यायचा आणि तिथे अर्ध्या रुंदीची पट्टी वापरायची.

पोटरीची गंमत अशी की नडगीवर केस वरून खाली जातात, पण पोटरीच्या मागे ते आडवे-तिरके फिरतात. घाईत असलेली मुलगी सगळा पाय एकाच दिशेने ओढते, आणि तुमच्या पुटकुळ्या नेमक्या पोटरीवरच आहेत. तिला आधीच सांगा: "मागच्या बाजूला दिशा बघून, छोट्या पट्ट्यांनी करा." असं सांगण्यात अपमान वगैरे काही नाही.

वॅक्स गार असेल तर जाड थर बसतो आणि केस नीट धरत नाही. फार गरम असेल तर त्वचा भाजते. मनगटाच्या आतल्या बाजूला आधी थेंब लावून घ्या. घाम किंवा तेल असेल तर पकड जाते, म्हणून त्या दिवशी पायाला मॉइश्चरायझर नको आणि पावसाळ्यात आधी साधी पावडर भुरभुरून पुसून घ्यायची. एका जागेवर पट्टी जास्तीत जास्त दोनदा. तरी राहिलेले केस चिमट्याने काढा.

आता तीन-चार आठवड्यांचं. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. वॅक्सच्या दिवशी बरेचसे त्वचेखाली असतात, ते पुढच्या दहा-पंधरा दिवसांत वर येतात. त्यामुळे काचेसारखा पाय १० ते १४ दिवस, बऱ्यापैकी पाय तीन आठवडे, हा प्रामाणिक आकडा. लागोपाठ दोन-तीन वेळा ४-५ आठवड्यांच्या अंतराने, मध्ये रेझर न लावता केलं की जास्त केस एका वेळी हाती लागतात आणि फरक दिसतो.

दवबिंदू

वरचं सगळं बरोबर. आता त्वचेची बाजू.

नाजूक त्वचा या एका नावाखाली चार वेगळ्या तक्रारी येतात आणि त्या ओळखायच्या वेळेवरून. ओढल्यावर लगेच लाली, आग, केसाच्या मुळाशी टपोरे दाणे, आणि एक-दोन दिवसांत सगळं शांत: ही साधी चुरचुर, बहुतेकांना होते. एक ते तीन दिवसांनी जोराची खाज, चट्टे, पट्टी लागली नव्हती तिथेही पसरणं: ही अ‍ॅलर्जी. दोन-तीन दिवसांनी केसाच्या बुडाशी पिवळसर तोंडाचे दुखरे फोड: केसाच्या पिशवीला झालेला संसर्ग. आणि दहा-पंधरा दिवसांनी घट्ट लाल पुटकुळी, कधी आत गुंडाळलेला केस दिसतो: आत वळलेला केस. तुमचं वर्णन या शेवटच्यात बसतं.

पण चिकटपट्टीने खाज येते हे वाचून एक शंका येते. बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते. डब्यावर कोलोफनी, रोझिन किंवा ग्लिसरिल रोझिनेट अशी नावं दिसतील. राळ ही ओळखीची अ‍ॅलर्जी आणणारी गोष्ट आहे आणि काही चिकटपट्ट्यांच्या गोंदातही असते. "हनी वॅक्स" या नावावर जाऊ नका, एका डब्यात निव्वळ साखरेचा पाक असतो, दुसऱ्यात राळ. वॅक्स पाण्याने धुतलं जातं का तेलाशिवाय निघतच नाही, यावरून अंदाज येतो. पाण्याने निघालं तर बहुधा साखरेचं. नवीन वॅक्स असेल तर पोटरीच्या आतल्या बाजूला दोन इंचांची एकच पट्टी करून ४८ तास थांबा.

आता लूफा आणि स्क्रब. दोन्ही आजपासून बंद. रोज घासल्याने केस बाहेर येत नाहीत. वरचा थर खरवडला जातो, त्वचा स्वतःला वाचवायला जाड होते आणि केसाचं तोंड आणखी बुजतं. काळे ठिपकेही त्यातूनच. आपल्या वर्णाच्या त्वचेवर जिथे सूज, तिथे डाग हा नियमच आहे. ओला लूफा बाथरूममध्ये लटकत राहतो, त्यात जंतू वाढतात, आणि वॅक्सनंतर केसांची तोंडं उघडी असताना तोच पायावर फिरतो. घोसाळ्याचा नैसर्गिक असला म्हणून काही वेगळं होत नाही.

घासण्याऐवजी विरघळवा. १०% युरियाचं क्रीम किंवा ५ ते १२% लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन औषधाच्या दुकानात मिळतं. वॅक्सनंतर ४८ तास काहीही नाही. तिसऱ्या दिवसापासून रात्री एकाआड एक, आंघोळीनंतर तीनेक मिनिटांत, त्वचा किंचित ओलसर असताना. दोन आठवडे सोसलं तर रोज. जरा चुरचुरलं तर चालेल, पण पाच मिनिटांनंतरही आग थांबत नसेल तर धुऊन टाका आणि कमी टक्क्यावर या. २% सॅलिसिलिक अ‍ॅसिड फक्त पुटकुळ्यांच्या भागापुरतं, सगळ्या पायाला नको. पुढच्या वॅक्सच्या तीन दिवस आधी ही सगळी अ‍ॅसिडं थांबवायची.

अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइन असलेलं मुरमांचं क्रीम पायाला लावत असाल तर वॅक्सच्या आधी निदान आठवडाभर बंद. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून ६ महिने झाले नसतील, तर वॅक्स नाहीच. पट्टीबरोबर त्वचेचा थर निघतो.

खरखर

स्क्रब पूर्ण बंद हे पटत नाही. वॅक्स करणाऱ्या प्रत्येकीला एक्सफोलिएट करायलाच सांगतात. न घासता मृत त्वचा साठली की केस आतच वळणार. उटणं तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

दवबिंदू

@खरखर, मृत थर निघायला हवा यावर वाद नाही, कशाने आणि किती हा प्रश्न आहे. साखरेचे आणि कॉफीचे कण धारदार असतात. ज्यांची त्वचा दणकट आहे त्यांना आठवड्यातून एकदा, मऊ सुती पंचाने गोल-गोल पुसणं चालेल. बारीक दळलेलं उटणं वर्षातून चार दिवस लावणं वेगळं आणि रोजचा लूफा वेगळा. मूळ प्रश्नात आधीच पुटकुळ्या आणि डाग आहेत, तिथे घासणं म्हणजे खपली काढत बसणं.

पाती

रेझरला इथे खलनायक केलंय म्हणून थोडं लिहिते. वॅक्सच्या मधे मधे रेझर नको हे खरं, पण ज्यांना वॅक्स सोसतच नाही त्यांना नीट केलेलं शेव्हिंग हाच सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे. दोन-तीन दिवसांनी करावं लागतं, बस. केस जाड होतात ही समजूत चुकीची. नैसर्गिक केसाचं टोक निमुळतं असतं, पातं ते आडवं कापतं, म्हणून खुंट राठ लागतो. मूळ आहे तेवढंच जाड असतं.

आंघोळीच्या शेवटी करा, कोमट पाण्यात केस तीन-चार मिनिटं भिजले की मऊ होतात. साबणाची वडी घासून करू नका. साबण अल्कधर्मी असतो, त्यात बोअरच्या जड पाण्याने त्याचा चिकट थर त्वचेवर आणि पात्यावर बसतो, फेस मात्र होत नाही. बिनवासाचं शेव्हिंग जेल, ते नसेल तर केसांचं साधं कंडिशनर पुरतं. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घेता आला तर आणखी बरं.

पाच पात्यांचं रेझर नाजूक त्वचेला मुळीच घेऊ नका. पहिलं पातं केस उचलतं, मागचं कापतं, आणि कापलेलं टोक त्वचेच्या खाली जाऊन बसतं. आत वळायला तेवढं पुरतं. एक किंवा दोन पाती बास. वरून खाली, केसाच्या दिशेने, वजन न देता. उलट्या दिशेने केलं तर फार तर एक दिवस जास्त गुळगुळीत वाटेल आणि आठवडाभर खाज येईल. प्रत्येक फटक्यानंतर पातं पाण्यात हलवा. पाच-सात वेळा वापरलं किंवा ओढल्यासारखं लागलं की टाकून द्या. झटकून बाथरूमच्या बाहेर, खिडकीत उभं ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाथरूममध्ये ते कधीच वाळत नाही.

तुरटी कापलेल्या जागी टेकवा, सगळ्या पायावर फिरवू नका, कोरडेपणा वाढतो. लिंबू तर नकोच. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की पायावर महिनोन्‌महिने न जाणारे तपकिरी ओघळ उठतात.

हेअर रिमूव्हल क्रीमबद्दल कुणी विचारायच्या आधीच: त्यात थायोग्लायकोलेट असतं. ते केसाचं प्रथिन विरघळवतं, आणि त्वचाही प्रथिनाचीच आहे. त्याचा पीएच १२ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या आसपास. चोवीस तास आधी चाचणी, पाच मिनिटांनी एका कोपऱ्यात पुसून बघणं, आणि पाकिटावरच्या कमाल वेळेपुढे एक मिनिटही नाही. गरम आंघोळीनंतर लगेच लावू नये. इसब असेल तर हा मार्ग सोडा.

अबोली_२२

सगळ्यांचे आभार. पट्टी उजेडात धरून बघायचं कधी सुचलंच नव्हतं. अजून तीन प्रश्न. १) लग्नाच्या हिशेबाने तारखा कशा धरू? हळदीला पाय उघडे असणार. २) साखरेचं वॅक्स घरी करता येईल का? ३) दुखू नये म्हणून बधिर करणारं क्रीम मिळतं, ते लावू का?

मेणबत्ती

हळदीच्या दिवसापासून मागे मोजा. शेवटचं वॅक्स हळदीच्या ३ दिवस आधी. आदल्या दिवशी केलंत तर मुळांची तोंडं उघडी असतात, त्यावर हळद आणि तेल, वर सगळ्या आत्या-मावश्या चोळणार, आग होणार. त्याच्या आधीचं वॅक्स साधारण साडेचार आठवडे अलीकडे. म्हणजे आजपासून साडेतीन आठवडे रेझरला हात लावायचा नाही, मग पहिलं नवीन पद्धतीचं वॅक्स, नंतर थेट हळदीच्या आधीचं. ते साडेतीन आठवडे सलवार किंवा पलाझोत काढा. नवीन वॅक्सची चाचणी पहिल्याच वेळी, हळदीच्या आठवड्यात कुठलाही नवा प्रयोग नको. पाळीच्या एक-दोन दिवस आधी बऱ्याच जणींना जास्त दुखतं, तारीख त्याच्याशी जुळत असेल तर एखादा दिवस मागेपुढे करा.

साखरेचं घरी: २ वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. जाड बुडाचं भांडं, मंद आच. लिंबाने साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत, म्हणून तो वगळू नका. रंग मधासारखा झाला की थंड पाण्यात थेंब टाकून बघा. मऊ गोळी वळली पाहिजे, म्हणजे आपला गोळीबंद पाक, साधारण १२० अंश सेल्सिअस. पुढे गेला तर चिक्की होते, अलीकडे राहिला तर पट्टीवर न येता पायालाच चिकटून बसतो. चिक्कीसारखा झाला तर चमचाभर पाणी घालून पुन्हा मंद आचेवर, पातळ राहिला तर आणखी दोन-तीन मिनिटं. पाक वाफेपेक्षा वाईट भाजतो आणि अंगाला चिकटून भाजत राहतो, त्यामुळे पूर्ण कोमट होऊ द्या, मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. पातळ पाक पट्टीने उलट्या दिशेने ओढायचा. घट्ट गोळा हाताने लावायचा असेल तर पद्धत बरोबर उलटी: केसाच्या उलट दिशेने थापायचा आणि केसाच्या दिशेने झटक्यात काढायचा. यात केस कमी तुटतात, पण मनगटाला सवय व्हायला तीन-चार वेळा लागतात. पहिल्या वेळी फक्त एका पायाची नडगी करून बघा.

पार्लरमध्ये केलंत तर लाकडी पट्टी दर वेळी नवी घ्यायला सांगा. एकच पट्टी पायाला लावून पुन्हा डब्यात बुडवतात, आणि डबा दिवसभर सगळ्यांसाठी तोच.

दवबिंदू

बधिर करणारं क्रीम दोन्ही पायांना लावू नका, हे ठळक अक्षरांत समजा. त्यातलं लिडोकेन-प्रिलोकेन हे बधिर करणारं औषध ठरावीक मात्रेत, छोट्या भागापुरतं असतं. एवढ्या मोठ्या भागावर, त्यात वर प्लास्टिक गुंडाळून लावलं तर ते रक्तात जातं, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होण्यापर्यंत किंवा झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ओढल्या ओढल्या तळहात दाबून धरला तर दुखणं बरंच कमी होतं.

वॅक्सनंतर गार पाण्याचा ओला कपडा दहा मिनिटं. बर्फ थेट त्वचेवर नको. कोरफड लावायची तर पान कापून पिवळा चीक आधी निथळू द्या, त्याने खाज येते, आणि पांढरा गरच घ्या. २४ ते ४८ तास घट्ट जीन्स, लेगिंग्ज, जिम, पोहण्याचा तलाव, कडक पाणी, ऊन हे नको. आग फारच असेल तर १% हायड्रोकॉर्टिसोन पातळ, एक-दोन दिवस, तेवढंच. घरातलं "खाजेचं मलम" मात्र लावू नका. आपल्याकडे त्यात बऱ्याचदा क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोनसारखं तगडं स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग त्वचा पातळ होते आणि नायटा असेल तर तो लपून पसरतो.

जुन्या ठिपक्यांना ४-५% नायसिनामाइड, आणि पाय उन्हात उघडे असतील तर एसपीएफ ३०. तरी फिकट व्हायला तीनेक महिने धरा, लग्नापर्यंत पूर्ण जाणार नाहीत. आत वळलेला केस सुईने उकरू नका. गरम ओल्या कपड्याने शेकून टोक वर आलं तर चिमट्याने फक्त मोकळं करा, उपटू नका, उपटला तर पुन्हा आतूनच येईल. फोड पसरले, ताप आला, पाय गरम आणि सुजलेला वाटला तर डॉक्टर. मधुमेह असेल किंवा फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्या भागावर वॅक्स नकोच.

खरखर

एपिलेटरचं, म्हणजे केस उपटणाऱ्या छोट्या यंत्राचं, काय? घरी असतो अनेकांकडे, पडून.

मेणबत्ती

चालतो, आणि फायदा म्हणजे त्याला ३ मिमीचा केसही पुरतो. त्वचेशी काटकोनात धरायचा, दाबायचा नाही, केसाच्या उलट दिशेने आणि सावकाश. घाईने फिरवला की चिमटे केस तोडतात आणि मग अबोलीसारखीच तक्रार. रात्री करा, लाली सकाळपर्यंत उतरते. दर वेळी डोकं काढून ब्रशने झटका आणि ७०% आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ज्यांचे केस आत वळतात त्यांना सुरुवातीचे दोन महिने पुटकुळ्या वाढलेल्या दिसतात, त्यामुळे अबोली, तुम्ही लग्नाच्या आधी नव्याने सुरू करू नका.

पाती

लेसर नको म्हटलंय, पण लग्नानंतर विचार बदलला तर एवढं आत्ताच माहीत असू द्या: लेसरला मूळ जागेवर लागतं, त्यामुळे आधीचे ४ आठवडे वॅक्स, एपिलेटर, चिमटा काही चालत नाही, फक्त रेझर. सावळ्या त्वचेला ८१० नॅनोमीटरचं डायोड किंवा १०६४ चं एनडी-याग विचारा. पायांना ६ ते ८ बैठका, मध्ये ६-८ आठवडे. केस कायमचे कमी होतात, पूर्ण जात नाहीत.

अबोली_२२

शेवटचं. साखरेच्या वॅक्सच्या कापडी पट्ट्या धुऊन पुन्हा वापरल्या तर चालतात का?

मेणबत्ती

स्वतःच्या असतील तर चालतात. गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवल्या की साखर सुटते, मग उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा. मऊसूत झालेली पट्टी टाकून द्या, ती पाक धरत नाही. जुनी डेनिम दोन इंच रुंद, सात-आठ इंच लांब कापून सर्वांत चांगली पट्टी होते. राळेच्या वॅक्सची पट्टी मात्र धुऊन निघत नाही.